तापलेली जीप

चूल पेटली की भांडे तापते. इंजिनाचेही तसेच आहे. इंजिन म्हणजे लोखंडाच्या पोटातली चूलच. तिच्यात पेट्रोल जळते व त्या जोरावर चाके फिरतात. पण सगळी उष्णता चाकांच्या कामी येत नाही. सुमारे एक तृतीयांश उष्णता इंजिनाच्या अंगात शिरते. ती बाहेर काढली नाही, तर इंजिन जळून जाईल. ती कशी काढावी आणि जुन्या जीपमध्ये ही सोय कशी सुधारावी, ते आज पाहू.

आधी एक अनुभव सांगतो. आमच्या गावात एक जुनी जीप होती. आपल्या देशात मुंबईच्या महिंद्र कंपनीने अशा विलिस जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. आमच्या गावातली गाडी त्याच घराण्यातली. कच्चा रस्ता, ओढा, चिखल, काही असो, ती अडत नसे. बाजारचा माल तीच नेई आणि आजारी माणसालाही तीच नेई.

एकदा वैशाखात एका आजारी बाईला घेऊन आम्ही चिपळूणकडून कराडला निघालो. कुंभार्ली घाट चढताना गाडी तापली. टोपीतून वाफेचा फवारा उडाला. गाडी थांबली. बाई मागे कण्हत होती. आम्हाला धीर निघेना. आम्ही ड्रायव्हरला म्हणालो, "अरे, बघतोस काय? टोपी काढ आणि पाणी ओत!" तो म्हणाला, "गुरुजी, जरा निवू द्या." आम्ही पुन्हा घाई केली. त्याने टोपी फिरवली. उकळते पाणी उसळले आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मागून आलेल्या ट्रकने दोघांनाही कराडला नेले. बाई वाचली. ड्रायव्हरचा हातही बरा झाला, पण डाग राहिला. तो डाग दिसला की आम्हाला आमची घाई आठवते. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्यासारखे वागावे, याची लाज वाटते.

आता पाहा, हे घडले कसे?

जीपच्या पुढे जाळीसारखी एक पेटी असते. तिला रेडिएटर म्हणतात. तिच्यात बारीक नळ्या असतात. एक पंप पाण्याला इंजिनात ढकलतो. पाणी तिथली उष्णता घेते आणि वरच्या रबरी नळीतून रेडिएटरात येते. नळ्यांतून खाली उतरताना ते वाऱ्याने निवते व पुन्हा पंपाकडे जाते. मोटेचे पाणी पाटातून जाते तसे हे पाणी सारखे फिरत असते. वारा कमी पडला की मागचा पंखा तो ओढून घेतो.

घाटात काय होते? गाडी खालच्या गिअरमध्ये असते. इंजिन जोराने फिरते, पण गाडी सावकाश चालते. उष्णता फार आणि वारा थोडा. त्यात आमच्या जीपमध्ये वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी ओतलेले. हंड्याच्या तळाला जसा पांढरा थर बसतो, तसाच थर त्या नळ्यांत बसला होता. अर्ध्या नळ्या तुंबल्या होत्या.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. समुद्रकाठी पाणी १०० अंशाला उकळते. जसजसे उंच जावे, तसतसे ते लवकर उकळते. महाबळेश्वर सुमारे १,३७२ मीटर उंच आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५–९६ अंशांनाच उकळते. म्हणून रेडिएटरला दाब धरणारी टोपी असते. टोपी ७ पौंडांची असेल, तर समुद्रकाठी पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. पण अशा तापलेल्या पाण्यावरची टोपी काढली की दाब जातो आणि पाणी एकदम उसळते. ड्रायव्हरचा हात भाजला तो याच कारणाने.

त्या प्रसंगानंतर गावाने वर्गणी काढली व जीपची दुरुस्ती केली. त्यात जे शिकलो, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम दुरुस्तीचे. फॅन बेल्ट सैल आहे का? नळ्या फुगल्या आहेत का? पंप गळतो का? हे आधी पाहावे. खालच्या नळीत तारेची स्प्रिंग असावी, नाहीतर पंपाच्या ओढीने नळी चपटी होते. इंजिन चालू असताना रेडिएटरात सारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेले असेल. फाटक्या पोत्यात धान्य भरून उपयोग नाही. रोग राहिला, तर नवे सामान फुकट जाते.

दुसरे काम रेडिएटरचे. आमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. कारागिराने जुनी दोन ओळींची जाळी काढली आणि त्याच चौकटीत तीन ओळींची जाळी डाख देऊन बसवली. नळ्या वाढल्या, तशी पाणी निवायला जागा वाढली.

तिसरे काम पंख्याचे. आमच्या पंख्याभोवती काही नव्हते. चूल फुंकताना आपण फुंकणी का घेतो? नुसती फुंकर इकडेतिकडे पसरते. फुंकणीतून गेली की सगळी निखाऱ्यावर पडते. तसेच पंख्याभोवती पत्र्याचे कडे बसवले की सगळा वारा जाळीतूनच ओढला जातो. मेकॅनिक त्याला श्राउड म्हणतात. खर्च थोडा, पण गुण मोठा.

काही जण विजेचा पंखा लावतात. तो चांगला चालतो, पण जुना डायनामो मंद गतीत फारशी वीज देत नाही. आधी अल्टरनेटर बसवावा लागतो, शिवाय फ्यूज आणि रिले लागतात. आम्ही तो नाद सोडला.

चौथे काम टोपीचे आणि बाटलीचे. तापलेले पाणी फुगते व बाहेर सांडते. आता ते एका नळीने बाटलीत जाते. इंजिन निवले की तेच पाणी परत ओढले जाते. त्यासाठी टोपीही तशीच, दोन्ही बाजूंनी काम करणारी लागते. मात्र जास्त दाबाची टोपी बरी, असे समजून १५ पौंडांची लावू नका. जुन्या रेडिएटरचे सांधे उलतात.

पाचवे काम पाण्याचे. विहिरीचे पाणी बंद केले. शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घातले. त्याने गंज धरत नाही व थर बसत नाही. पण ध्यानात ठेवा, बहुतेक कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते. ते पोराबाळांपासून आणि गुराढोरांपासून दूर ठेवा. सांडले तर लगेच पुसा आणि धुऊन काढा.

एक चूक सांगायची राहिली. "गाडी तापते, थर्मोस्टॅट काढून टाका," असे पुष्कळ जण म्हणतात. ते ऐकू नका. थर्मोस्टॅट हे पाण्याच्या वाटेवरचे दार आहे. ते साधारण ८२ अंशांना उघडते. दार काढले, तर इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त जळते आणि तेल खराब होते. दार बिघडले, तर नवे बसवावे.

एवढे करून तोच घाट, त्याच वैशाखात, माल भरून चढून पाहिला. वर पोचलो तेव्हा काटा जागेवर होता. ड्रायव्हर हसून म्हणाला, "गुरुजी, आज टोपीला हात लावायचं काम नाही!"

तरीही गाडी कधी तापलीच, तर बाजूला घ्या. इंजिन बंद करा. निदान अर्धा तास थांबा. मग जाड फडके धरून टोपी थोडी फिरवा, वाफ जाऊ द्या, मग काढा. इंजिन पुरते निवल्यावरच पाणी ओता, तेही हळूहळू. तापल्या लोखंडावर थंड पाणी पडले, तर ते तडकते.

घाई कितीही असो, वाफेला घाई करता येत नाही. आम्ही हे दुसऱ्याच्या हाताच्या मोलाने शिकलो. तुम्ही वाचून शिका.

उजळणी
१. घाटात गाडी जास्त का तापते?
२. विहिरीच्या जड पाण्याने रेडिएटरचे काय होते?
३. श्राउड आणि फुंकणी यांत सारखे काय आहे?
४. तापलेल्या रेडिएटरची टोपी लगेच का काढू नये? घरातल्या माणसांना समजावून सांगा.