क्वार्टरचा पत्ता

बाबा भिलाई स्टील प्लांटमधून रिटायर झाले, सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं आणि आम्ही नेहरूनगरला राहायला आलो. पुढची दोन वर्षं एलआयसीची पत्रं, लग्नपत्रिका, नागपूरच्या आत्याची राखीसुद्धा जुन्याच पत्त्यावर जात राहिली. नव्या बिऱ्हाडातली माणसं सज्जन. रविवारी सगळं गोळा करून आणून द्यायची.

इंटरनेटवर मात्र आपलं घर स्वतःचं आहे, अशा गुर्मीत मी होतो.

2008 साली मी स्वतःच्या नावाचं डॉट कॉम घेतलं. त्याच वर्षी सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर आत जायला तेव्हा ओपनआयडी लागायचा. ही युक्ती लाइव्हजर्नलवाल्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकची, 2005 मधली. युजरनेम-पासवर्डऐवजी आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकायचा. जिथे आत जायचं ती साइट आपलं मुखपृष्ठ वाचते, 'या माणसाची ओळख कोण पटवणार' हे तिथल्या दोन ओळींत लिहिलेलं असतं, तिकडे आपल्याला पाठवते आणि खातरजमा झाली की परत आत घेते. ओळख पटवणारा बदलला तरी आपला पत्ता तोच राहतो. मायओपनआयडी ही सेवा 1 फेब्रुवारी 2014 ला बंद झाली तेव्हा मी त्या दोन ओळी बदलल्या आणि कुठेही माझं नाव बदलावं लागलं नाही. त्या दिवशी मी घरात चहा पाजला होता!

पुढे ओपनआयडी मागे पडला, स्टॅक ओव्हरफ्लोनेही 2018 मध्ये तो सोडला. पण त्याच विचाराचं धाकटं भावंड, इंडीऑथ, त्याच वर्षी जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने टिपण म्हणून प्रसिद्ध केलं होतं. मी आनंदाने तिकडे गेलो. चार-पाच छोट्या ऑनलाइन मंडळांत माझं डोमेन हेच माझं नाव झालं.

घात झाला तो साध्या बिलाने. डोमेन विकणारी कंपनी परदेशातली, ऑटो-रिन्यू चालू, म्हणून मी निर्धास्त. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमाने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना जादा मंजुरी लागू लागली आणि परदेशी वर्गण्या धडाधड अडकल्या. माझीही अडकली. सूचनेच्या मेल आल्या होत्या, पण कुठे? त्याच डोमेनवरच्या मेलबॉक्समध्ये, जो मी सणासुदीला उघडायचो. साइट बंद पडलेली दिसली तोवर मेलबॉक्सही गेला होता, आणि कंपनीच्या खात्याचा पासवर्ड बदलायची लिंक त्याच मेलवर जात होती. किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून.

डॉट कॉमची मुदत संपल्यावरही साधारणपणे काही आठवडे नेहमीच्या दरात, मग 30 दिवस जबर दंड भरून ते परत मिळतं; त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही मोकळं. मी कंपनीला ओळखपत्रं पाठवत राहिलो, उत्तरं सावकाश येत राहिली, आणि डोमेन गेलं. महिन्याभरात तिथे सट्ट्याची जाहिरात लागली. आणि वर माझं नाव होतं.

खरा धक्का एका मंडळाच्या चालकाने दिला. त्याने विचारलं, "तुमच्या नावाने उद्या कुणी आत आलं, तर ते तुम्हीच आहात की नाही, हे आम्ही कसं ओळखणार?" उत्तर नव्हतं. ज्याच्या हाती डोमेन, तो मी. कुणी आलं नाही, हे नशीब. त्याने माझं खातंच गोठवलं. क्वार्टरच्या नव्या बिऱ्हाडाकडे आमची पत्रं जायची. इथे नव्या बिऱ्हाडाला पत्रांबरोबर माझं तोंडही मिळालं असतं.

तरीही मी ही पद्धत सोडलेली नाही. मोठ्या कंपन्यांच्या 'यातून लॉगिन करा' बटणापेक्षा ती मला आजही बरी वाटते. फक्त डोमेन हेही क्वार्टरच, भाडं थकलं की रिकामं करावं लागतं, हे आता ध्यानात ठेवतो. नवं डोमेन घेताना एकदम दहा वर्षांचे पैसे भरले; डॉट कॉमला त्याहून जास्त भरता येत नाहीत. विक्रेत्याकडचा संपर्क-मेल दुसऱ्याच ठिकाणचा दिला, मोबाइल नंबर दिला, दुहेरी पडताळणी लावली. मुदतीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बायकोच्या अक्षरात आहे. माझ्या अक्षरावर तिचा विश्वास नाही. जिथे शक्य तिथे आत जायचा दुसरा रस्ताही, साधा मेल किंवा पासकी, जोडून ठेवतो.

आणि एखादं डोमेन मुद्दाम सोडणार असाल, तर आधी ते जिथे जिथे ओळख म्हणून दिलंय तिथून काढून घ्या. क्वार्टर सोडताना बाबा नो-ड्यूजचा कागद घेऊन खात्याखात्यांतून सह्या गोळा करत फिरले होते, तसं. अशा ठिकाणांची यादी मी उशिरा केली, वहीत. अकरा ठिकाणं निघाली. त्यातली तीन मला आठवतच नव्हती.