फ्रेटलेस बास विकताना

फ्रेटलेस बास गिटारच्या नेकवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नसतात. स्वर नेमका कुठे आहे हे वादकाचे बोट आणि कान मिळून ठरवतात. त्यामुळे या वाद्यात मींड सहज निघते, आणि तार थेट लाकडाला टेकत असल्याने स्वर धरून ठेवला की मागून एक रेंगाळणारा गुंजारव उठतो. सरोद, सारंगी किंवा व्हायोलिन ऐकलेल्या कानाला हा आवाज परका वाटत नाही. कस्टम फ्रेटलेस म्हणजे एखाद्या कारागिराने एका वादकाच्या हाताचे माप घेऊन, त्याच्या पसंतीचे लाकूड, नेकची जाडी, तारांमधले अंतर आणि पिकअप निवडून घडवलेले वाद्य. ते एकासाठी जितके नेमके जमते, तितके दुसऱ्यासाठी जमेलच असे नसते. विक्रीतल्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात.

पहिली अडचण किमतीची. वाद्य बनवून घेताना दिलेली रक्कम आणि ते वापरून झाल्यावर बाजारात मिळणारी रक्कम यांचा संबंध फार सैल असतो. घेणारा आपल्या मनात तुलना करतो ती नामांकित कंपनीच्या कारखान्यात तयार झालेल्या, दुकानात हाताळून पाहता येणाऱ्या बासशी. खास मागवलेले लाकूड, जडावाचे काम, महिनोन्‌महिने पाहिलेली वाट यांचे त्याला कौतुक असते, पण त्याचे पैसे तो मोजत नाही. अपवाद एकच, आणि तो कारागिराच्या नावाचा. मिरजेच्या तंतुवाद्यांकडे पाहिले की हे कळते. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेली शिकलगार घराण्याची ही कला आजही टिकून आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला तंबोराही गायकाच्या पट्टीनुसार बनवून घेतला जातो. तरी तो पुढे विकताना अडत नाही, कारण घेणाऱ्याला घडवणाऱ्याचा हात माहीत असतो. भारतात बास घडवणारे कारागीर थोडे आहेत आणि त्यांची नावे वादकांच्या लहान वर्तुळाबाहेर फारशी पोचलेली नाहीत. म्हणून विकणाऱ्याने आपला खर्च विसरून, तशाच प्रतीचा वापरलेला कंपनीचा फ्रेटलेस किती रुपयांना जातो हे पाहावे आणि मागणी त्याच्या आसपास ठेवावी. खर्चाचा हिशेब मनात धरून भाव लावलेली वाद्ये वर्षानुवर्षे केसमध्येच पडून राहतात.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात गाण्याचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा आणि लग्नातली संगीतसंध्या यांना तोटा नाही. पण त्यांपैकी अनेक ठिकाणी बासचे काम कीबोर्डवादकाच्या डाव्या हातावर भागते. जिथे बासवादक असतो तिथे त्याला एका रात्रीत पंचवीस गाणी पट्टी बदलून वाजवायची असतात, आणि त्यासाठी फ्रेट असलेले वाद्यच सोयीचे. त्यामुळे खरा घेणारा बहुधा पुणे, मुंबई, गोवा किंवा बेंगळुरू इथे सापडतो. शहरातल्या ओळखीच्या चार जणांनी नको म्हटले म्हणून घाबरून भाव पाडण्यात अर्थ नाही. त्या चौघांना फ्रेटलेस नकोच होता, भाव कितीही कमी केला असता तरी.

दूरच्या गिऱ्हाइकाला वाद्य हातात घेता येत नाही. म्हणून विक्रीचे सगळे वजन वर्णनावर येते, आणि विकणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथेच. स्केलची लांबी आधी द्यावी. चार तारांच्या बासला ती बहुधा 34 इंच असते, पाच तारांच्या कस्टम वाद्यांत काही वेळा 35. नटपाशी नेकची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. जॅझ बासच्या धाटणीची नेक तिथे सुमारे 38 मिलिमीटर असते, आणि तीन-चार मिलिमीटरचा फरकसुद्धा हाताला लगेच जाणवतो. ब्रिजपाशी तारांमधले अंतर, शरीराचे आणि नेकचे लाकूड, नेकचा बाक कमी-जास्त करणारा ट्रस रॉड कोणत्या टोकाने फिरवायचा, हेही लिहावे. वजन तर नक्कीच लिहावे, आणि ते अंदाजाने लिहू नये. प्रवासाच्या बॅगा मोजायचा छोटा काटा त्यासाठी पुरतो. साडेचार किलोच्या पुढचा बास तीन तास खांद्यावर वागवायला अनेक वादक तयार नसतात. ही गोष्ट वाद्य हातात आल्यावर समजली तर भांडण होते.

फ्रेटलेसच्या बाबतीत फिंगरबोर्डची माहिती वेगळी आणि सविस्तर द्यावी लागते. वाद्य मुळातच फ्रेटलेस घडवले आहे की आधीचे फ्रेट काढून खाचा भरल्या आहेत, हे स्पष्ट सांगावे. अमेरिकी बासवादक जॅको पॅस्टोरियसने ज्या वाद्यावर फ्रेटलेस बासला जगभर कान मिळवून दिले तो मुळात फ्रेट असलेला फेंडर जॅझ बास होता. फ्रेट काढून त्याच्या फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर दिलेला होता. म्हणजे बदललेले वाद्य कमी प्रतीचे असते असे नाही, पण ते लपवले तर व्यवहाराचा पाया जातो. स्वरांच्या जागी रेघा आहेत की फिंगरबोर्ड कोरा आहे, आणि कडेचे ठिपके फ्रेटच्या जागी आहेत की दोन फ्रेटच्या मधोमध, हेही सांगावे. ठिपक्यांची जागा वेगळी असली तर सवयीचा हात बेसूर पडतो. राउंडवाउंड तारा लाकडात बारीक चऱ्या पाडतात. त्या दिसत नसल्या तरी नखाला लागतात. तिरप्या उजेडात काढलेल्या फोटोत त्या दाखवाव्यात. चऱ्या घासून फिंगरबोर्ड पुन्हा सपाट करता येतो, पण दर वेळी लाकूड थोडे कमी होते. म्हणून पूर्वी असे काम झाले असेल तर तेही सांगायचेच.

मराठवाड्याचे हवामान हा या वर्णनाचा भाग आहे, हे बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, नंतर पावसाळ्यात तेच लाकूड ओल पिते. चार तारांचा एकत्रित ताण 75 ते 80 किलोच्या घरात असतो, तो सतत नेकवर पडतो आणि हवा बदलली की नेकचा बाकही बदलतो. इथे नीट लावलेला बास मुंबईच्या दमट हवेत पोचल्यावर आठवड्याभरात तारा उंचावल्यासारखा वाटू शकतो. हा दोष नव्हे, ट्रस रॉडच्या थोड्याशा फेऱ्याने तो जातो. पण हे आधी सांगितले नसेल तर समोरच्याला तो दोषच वाटतो. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो हे विक्रीपूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावे. अडकलेला रॉड हा या वाद्यातल्या सर्वांत महागड्या बिघाडांपैकी एक.

आवाजाचा नमुना मोबाइल समोर ठेवून घेऊ नये. चार तारांच्या बासची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे 41 कंपने देते, आणि मोबाइलचा छोटा स्पीकर ती ऐकवूच शकत नाही. ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो तो तारेचा खरखराट. ऑडिओ इंटरफेसमधून थेट ध्वनिमुद्रण करावे, त्यावर कोणतीही प्रक्रिया करू नये, आणि प्रत्येक तारेवर खालपासून वरपर्यंत सावकाश सरकत वाजवावे. एखाद्या जागी स्वर मरत असेल तर तो असाच ऐकू येतो. ॲक्टिव्ह सर्किट असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी नवी घालून आवाज घ्यावा, आणि वाद्य ठेवून देताना ती काढावी. गळलेल्या बॅटरीने खराब झालेला प्रीॲम्प नेहमी विक्रीच्या दिवशीच उघडकीला येतो.

मालकीचा पुरावा हा दुर्लक्षित भाग आहे. कारागिराशी झालेला पत्रव्यवहार, पैसे दिल्याच्या नोंदी, घडत असतानाचे फोटो, अनुक्रमांक असे सगळे एकत्र ठेवावे. जॅकोचा तो प्रसिद्ध बास 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला, सुमारे वीस वर्षांनी पुन्हा समोर आला आणि मग तो कोणाचा यावरून वाद उभा राहिला. इतक्या ओळखीच्या वाद्याची ही गत, तर ज्याला घडवणारा आणि वाजवणारा सोडून कोणी पाहिलेले नाही अशा वाद्याचा कागद किती मोलाचा असेल हे उघड आहे.

गिऱ्हाईक छत्रपती संभाजीनगरला येणार असेल तर भेटीची जागा विचाराने ठरवावी. क्रांती चौक त्यासाठी सहज सुचतो. जालना रोडवर शहराच्या मधोमध, शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे नवख्यालाही सापडणारा, मध्यवर्ती बसस्थानकापासून जवळ आणि उस्मानपुऱ्याच्या रस्त्याने रेल्वे स्टेशनशी जोडलेला. वर्दळ रात्री उशिरापर्यंत असते, त्याच नावाचे पोलीस ठाणेही आहे. अनोळखी माणसाला प्रथम भेटायला यापेक्षा सुरक्षित जागा शहरात शोधावी लागेल. पण वाद्य तिथे ऐकवू नये. चौकातल्या उड्डाणपुलाखालच्या वाहतुकीच्या घरघरीत बासचे खालचे स्वर बुडून जातात, बॅटरीवरचा लहान ॲम्प ते वर आणू शकत नाही. घेणाऱ्याला वाद्य मेलेले वाटते, आणि एकदा तसे मत झाले की ते बदलत नाही. चौकात भेटून ओळख करून घ्यावी, आणि तिथून एखाद्या सरावाच्या खोलीत किंवा ओळखीच्या वाद्यदुकानात मोठ्या ॲम्पवर तासभर निवांत वाजवू द्यावे. तासभर वाजवूनही मन न झालेल्या माणसाला आग्रह करू नये. तो वाद्य परत आणतो.

पैशांच्या बाबतीत फसवणुकीचे प्रकार आता ठरलेले आहेत. वाद्याबद्दल एकही प्रश्न न विचारता पूर्ण किंमत कबूल करणारा, आपण लष्करात किंवा निमलष्करी दलात असल्याचे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा, आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. समोरच्याच्या मोबाइलवरचा हिरवा पडदा किंवा आलेला एसएमएस यांवर विसंबू नये, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली पाहावी आणि मगच केस हातात द्यावी. मोठी रक्कम बँकेतून घेतलेली बरी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख एका व्यवहारात घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. तासाभरात कळवले तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

कुरिअरने पाठवायचे तर हार्ड केस हवीच. तारा काढू नयेत, थोड्या सैल कराव्यात. नेकच्या टोकाखाली आणि दोन्ही बाजूंना मऊ भर घालून वाद्य केसमध्ये हलणार नाही असे करावे, आणि केसभोवती पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. आकारावरून वजन धरण्याची पद्धत आधी समजून घ्यावी. 120 बाय 40 बाय 15 सेंटिमीटरचे खोके 5000 ने भागण्याच्या रूढ हिशेबाने 14.4 किलोचे धरले जाते, प्रत्यक्षात ते नऊ-दहा किलोचे असले तरी. विमा पूर्ण किमतीचा घ्यावा आणि बांधतानाचा सलग व्हिडिओ काढावा. घेणारा मुंबईचा असेल तर देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी वाद्य स्वतः नेऊन देणे सर्वांत चांगले. तिकिटाचा खर्च कुरिअर आणि विम्यापेक्षा क्वचितच जास्त होतो, आणि समोरच्याने वाजवून पाहिल्यावरच व्यवहार पुरा होतो.

परदेशी विक्रीत लाकडाचा प्रश्न येतो. शिसवीसह डाल्बर्जिया वंशाच्या झाडांवर, धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या सायटिस करारानुसार, 2017 पासून निर्बंध आले. पूर्ण तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुड मात्र या सवलतीत बसत नाही, त्याला 1992 पासून सर्वांत कडक नियम लागू आहेत. फिंगरबोर्ड कशाचा आहे हे कारागिराकडून लेखी घेतल्याशिवाय वाद्य देशाबाहेर पाठवू नये.

शेवटी पावती. साध्या कागदावर दोघांची नावे, तारीख, रक्कम, वाद्याचा अनुक्रमांक, सांगितलेले दोष आणि परत करण्याची मुदत लिहून दोघांनी सही करावी. मुदत तीन ते सात दिवसांची पुरते. त्या काळात मिळालेली रक्कम खर्च करू नये. कारागिराचा संपर्क आणि मूळ कागदांच्या प्रती नव्या मालकाला द्याव्यात, स्वतःकडे एक संच ठेवावा.