चुलीच्या बचतीचा खरा हिशेब

आमच्या जोहे गावी आषाढ लागला म्हणजे दोन वस्तू दुर्मिळ होतात: ऊन आणि वाळलेले लाकूड. मूर्तिकारास गणपती वाळविण्यासाठी ऊन हवे, गृहिणीस चुलीसाठी लाकूड. अशा वेळी सुधारलेली चूल घ्यावी काय, हा प्रश्न शेतकरी बंधूंपुढे येतो. त्याचे उत्तर अंदाजाने न देता हिशेबाने द्यावे.

चाळीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास ८०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळक्या लाकडात ती सुमारे ३,५०० असते. परंतु तीन दगडांच्या चुलीत तिचा सुमारे दहावा हिस्साच भांड्यास पोचतो. म्हणजे रोज सव्वादोन किलो लाकूड जळते. सुधारलेल्या चुलीने पाचवा हिस्सा पोचविला, तर त्याच्या निम्मे पुरते. वर्षातील ३०० दिवस धरता सुमारे ३४० किलो वाचले. किलोस ५ रुपये धरता १,७०० रुपये झाले. चूल २,००० रुपयांस मिळाली, तर चौदा महिन्यांत पैसे फिटतात. भाव व किंमत उदाहरणादाखल घेतली आहे. वाचकांनी आपल्या गावची घालावी.

परंतु हिशेब येथेच संपत नाही. सरकारने अनुदान दिले तरी तो खर्चच होय. तो केवळ दुसऱ्याच्या खिशातून झाला. शिवाय जो मनुष्य अनुदानावाचूनही चूल घेणार होता, त्याची बचत योजनेच्या नावे जमा धरणे योग्य नव्हे. आणि चूल बसविली म्हणजे पेटली असे नाही. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. पुष्कळ पुढे वापराविना पडल्या, आणि २००२ साली केंद्राने तो कार्यक्रम आवरला.

आमच्या पडवीतील चूलही त्यांपैकीच. दुसऱ्या पावसाळ्यात धुराडे काजळीने भरले व घरातून जुनी चूल पुन्हा पेटली. आम्ही रागावलो. तेव्हा उत्तर मिळाले, "अहो, बचत तुमच्या वहीत झाली, धूर माझ्या डोळ्यांत गेला." जन्मभर कारकुनी करून धुराडे झाडण्याची मजुरी मात्र आम्ही खर्चात मांडली नव्हती!

म्हणून प्रथम बिनखर्ची उपाय करावे. लाकूड मृगापूर्वी छपराखाली रचावे, कारण ओल्या लाकडाची उष्णता त्यातील पाणी उडविण्यातच जाते. भांड्यावर झाकण ठेवावे. कडधान्य रात्री भिजत घालावे. त्यानंतर उरलेल्या खर्चावर नवे साधन परवडते काय ते पाहावे, आणि निर्णयापूर्वी चुलीपुढे बसणारीस अवश्य विचारावे.