परिचर्या : सेवा की स्वतंत्र व्यवसाय?

खेड्यातील आरोग्य सेविकेला लोक ‘नर्सबाई’ म्हणतात आणि शहरातील रुग्णालयात परिचारिकेला ‘सिस्टर’ अशी हाक मारतात. दोन्ही संबोधनांत आपुलकी आहे, आदरही आहे. तथापि वैद्यकी आणि वकिली यांना समाज सहजपणे ‘पेशा’ म्हणतो, तर परिचारिकेच्या कामाचा गौरव ‘सेवा’ या शब्दाने करतो. शब्दांतील हा भेद वरवरचा नाही. पेशा म्हटला की विशेष ज्ञान, स्वतःचा निर्णय आणि त्या निर्णयाची जबाबदारी या गोष्टी ओघानेच येतात. सेवा म्हटली की दुसऱ्याची आज्ञा आणि स्वतःचा त्याग एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. परिचारिकेचे शिक्षण किती असावे, एका परिचारिकेकडे किती रुग्ण सोपवावेत, तिला कोणते निर्णय घेऊ द्यावेत आणि तिचे वेतन काय असावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे परिचर्येला व्यवसाय मानावयाचे की नाही यावर अवलंबून आहेत. म्हणूनच या प्रश्नाचा विचार शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनीही करणे अगत्याचे आहे.

व्यवसायाच्या कसोट्या

मराठीत ‘व्यवसाय’ हा शब्द व्यापारउदिमालाही लावला जातो. येथे तो ज्ञानाधिष्ठित पेशा या मर्यादित अर्थाने घ्यावयाचा आहे. अशा व्यवसायाची लक्षणे कोणती, याचे बहुचर्चित विवेचन अब्राहम फ्लेक्सनर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९१५ मध्ये केले. त्याच्या १९१० च्या अहवालाने अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचे स्वरूप बदलून टाकले होते, त्यामुळे त्याच्या मताला वजन होते. त्याने सहा कसोट्या सांगितल्या. काम बुद्धिप्रधान असावे व करणाऱ्यावर मोठी वैयक्तिक जबाबदारी असावी. त्याचा आधार शास्त्रात असावा. त्याला निश्चित व्यावहारिक उद्दिष्ट असावे. त्याचे कौशल्य पद्धतशीर शिक्षणाने दुसऱ्याला देता यावे. ते करणाऱ्यांची स्वतःची संघटना असावी. आणि त्यांची दृष्टी लोकहिताची असावी.

या कसोट्या लावून फ्लेक्सनरने परिचारिकांविषयी दिलेला निर्णय प्रतिकूल होता. परिचारिकेची जबाबदारी मूळची नव्हे आणि अंतिमही नव्हे. ती डॉक्टरकडून येते आणि डॉक्टरपाशीच संपते, असे त्याचे म्हणणे होते. मात्र त्याने एक अपवाद नमूद केला. रुग्णालयाबाहेर, लोकवस्तीत जाऊन बहुतांशी स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारी सार्वजनिक आरोग्य परिचारिका ही त्याला वेगळी वाटली. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अर्धशतकानंतरही वाद मिटला नव्हता. अमिताय एट्झिओनी या समाजशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात परिचारिका, शिक्षक आणि समाजकार्यकर्ते या तिघांची गणना ‘अर्ध-व्यवसायां’त झाली. या तिन्ही क्षेत्रांत स्त्रियांची संख्या मोठी होती, हा केवळ योगायोग नव्हे. घरात स्त्री जे विनामूल्य करते त्याला बाहेरही ज्ञान लागत नाही, अशी समजूत त्यामागे होती. शिक्षकवर्गाने या प्रश्नाकडे आपलाच प्रश्न म्हणून पाहावे, ते याच कारणासाठी.

‘उपस्थाता’ ते परिचारिका

भारतीय परंपरेला ही समजूत सर्वस्वी मान्य नव्हती. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे परिचर्या करणारा, आणि रोगी. परिचर्या करणाऱ्याच्या अंगी असावयाचे गुणही चार आहेत : उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शुचिता. त्यांत अनुरागाच्या आधी उपचाराच्या ज्ञानाचा उल्लेख आहे. परिचर्येला केवळ मायेची नव्हे तर जाणकारीची गरज असते, हे येथे स्पष्ट होते.

आधुनिक परिचर्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी घातला. क्रिमियन युद्धातील अनुभवानंतर १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. विशेष असे की, परिचारिकांची सरकारी नोंदणी करण्यास खुद्द नाइटिंगेल यांचा विरोध होता. चारित्र्य आणि कळकळ यांची परीक्षा नोंदवहीत होत नाही, असे त्या मानीत. एथेल बेडफर्ड फेनविक यांनी उलट भूमिका घेतली. नोंदणी नसेल तर अप्रशिक्षित व्यक्तीही परिचारिका म्हणून मिरवील आणि त्याची किंमत रुग्ण मोजील, हा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर तोच टिकला. न्यूझीलंडने १९०१ मध्ये आणि ब्रिटनने १९१९ मध्ये नोंदणीचे कायदे केले.

महाराष्ट्रात या क्षेत्राची वाट सोपी नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. परक्याच्या शरीराची, मलमूत्राची स्वच्छता आणि रात्रपाळी यांमुळे हे काम ‘चांगल्या घरच्या’ स्त्रीचे नव्हे, असा ग्रह त्या काळी दृढ होता. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाच्या द्वारे रमाबाई रानडे यांनी या ग्रहाला धक्का दिला. सेवासदनाने मुलींना व विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळण्याची सोय केली. ज्या स्त्रीला समाजाने घराच्या कोपऱ्यात बसविले होते, तिच्या हाती विद्या आणि उपजीविका देण्याचे ते साधन ठरले.

शिक्षण आणि कायदा

शिक्षण, संघटना आणि नोंदणी या तीन कसोट्यांबाबत आज शंकेला जागा उरलेली नाही. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघ १९०८ मध्ये स्थापन झाला. मद्रास प्रांताने १९२६ मध्ये नोंदणीचा कायदा केला. भोर समितीने १९४६ च्या अहवालात परिचारिकांची संख्या व शिक्षण वाढविण्यावर भर दिला. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या अधिनियमानुसार भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. महाराष्ट्राने १९६६ मध्ये स्वतःचा परिचारिका अधिनियम केला. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत करून १९४७ च्या व्यवस्थेच्या जागी नवी व्यवस्था आणण्याची तरतूद केली. या आयोगाचा अध्यक्ष परिचर्या शाखेचा पदव्युत्तर पदवीधर आणि दीर्घ अनुभव असलेला असावा, अशी अट त्यात आहे. व्यवसायाचे नियमन त्या व्यवसायातील जाणत्यांकडेच असावे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले, असा याचा अर्थ होय.

ज्ञानाची कसोटी

परिचारिकेच्या ज्ञानाने प्रत्यक्षात काही फरक पडतो काय, हा यापुढील प्रश्न होय. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण अधिक सोपविला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल तेथे ती शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी होती, असे २००३ च्या निष्कर्षांत आढळले. युरोपातील नऊ देशांतील रुग्णालयांच्या २०१४ मधील अभ्यासातही याच दिशेचे निष्कर्ष निघाले.

याचे कारण उघड आहे. डॉक्टर रुग्णाजवळ काही मिनिटे असतात. परिचारिका चोवीस तास असतात. श्वासाची गती वाढली, लघवी कमी झाली, कालपर्यंत बोलणारा रुग्ण आज बरळू लागला, या गोष्टी प्रथम परिचारिकेच्या ध्यानात येतात. त्यांचा अर्थ ओळखून वेळीच डॉक्टरांना बोलावणे किंवा चुकीची वाटणारी औषधाची मात्रा देण्यापूर्वी पुन्हा विचारणे, हे हुकमाचे पालन नव्हे. ते बुद्धीचे काम होय.

नीतीची कसोटी

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये तेथेच झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या. २०१५ मध्ये निधन होईपर्यंत म्हणजे सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची काळजी घेतली. त्यांना पाहिलेल्या पिढीनंतर त्यांना कधीही न पाहिलेल्या परिचारिकांची पिढी आली, तरी सेवेत खंड पडला नाही. इतक्या दीर्घ काळात त्यांना एकदाही शय्याव्रण झाला नाही, असे रुग्णालयाकडून सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस वेळच्या वेळी बदलणे, त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवणे आणि पोषण सांभाळणे हे नियम अखंड पाळल्याविना असे घडत नाही. दयामरणाविषयीच्या या प्रकरणात २०११ मध्ये निकाल देताना न्यायालयाने रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाच त्यांचे खरे निकटवर्ती मानले. माया आणि शास्त्र एकत्र आले म्हणजे परिचर्या कोणती उंची गाठते, याचे हे उदाहरण आहे. मात्र त्यागाच्या या गौरवात त्यामागील शास्त्र झाकले जाऊ नये.

जबाबदारी आहे, अधिकार कोठे?

फ्लेक्सनरच्या मुख्य आक्षेपाचे उत्तर रुग्णालयापेक्षा गावच्या उपकेंद्रात अधिक स्पष्टपणे मिळते. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. तेथील आरोग्य सेविकेपुढे रात्री प्रसूत झालेल्या स्त्रीचा रक्तस्राव थांबत नाही, असा प्रसंग उभा राहतो. वैद्यकीय अधिकारी दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. असा रक्तस्राव दोन तासांतही प्राण घेऊ शकतो. गर्भाशय सैल पडले आहे की वार अडकली आहे हे पाहणे, गर्भाशयाला मालीश करणे, ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देणे, शीर लावणे आणि वाहन बोलावून माहितीच्या चिठ्ठीसह रुग्णाला पुढे पाठविणे हे सारे तिला त्याच क्षणी ठरवावे लागते. प्रशिक्षित सेविकेने अशी प्राणरक्षक औषधे द्यावीत, हे केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनाही मान्य आहे. त्या वेळी तिची जबाबदारी मूळचीही असते आणि बव्हंशी अंतिमही असते. फ्लेक्सनरने जो अपवाद मानला, तो ग्रामीण महाराष्ट्रात रोजचा नियम आहे.

परंतु जबाबदारीच्या मानाने अधिकार मिळाला आहे, असे म्हणता येणार नाही. परिचारिकेचा बराच वेळ नोंदवह्या, साहित्याची मोजदाद आणि इतर बिगर-परिचर्येच्या कामांत जातो. केंद्र शासनाने १९८७ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चाधिकार समितीला परिचारिकांच्या कामाच्या परिस्थितीचा स्वतंत्रपणे विचार करावा लागला. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने लहान रुग्णालयांतही मासिक वेतन २०,००० रुपयांहून कमी असू नये, अशी शिफारस केली. ज्यांच्या हाती रुग्णाचा जीव सोपविला जातो, त्यांच्या वेतनासाठी अशी शिफारस करावी लागावी, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. शिवाय सर्व प्रशिक्षण संस्थांचा दर्जा सारखा नाही, हेही मान्य केले पाहिजे. व्यवसायाची प्रतिष्ठा मागावयाची तर शिक्षणाच्या दर्जाबाबत तडजोड चालणार नाही.

समाजाचे कर्तव्य

ज्ञान, शिक्षण, संघटना, नोंदणी आणि लोकहित या कसोट्यांवर परिचर्या हा खरा व्यवसाय ठरतो. जी उणीव आहे ती अधिकाराची होय, आणि ती परिचारिकांनी एकट्यांनी भरून काढण्याजोगी नाही. त्या उणिवेची किल्ली बऱ्याच अंशी इतरांच्या हाती आहे.

ग्रामपंचायतीने उपकेंद्राला पाणी, वीज आणि रात्री सुरक्षितपणे राहता येईल असे निवासस्थान मिळते की नाही हे पाहावे. ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून काय घ्यावयाचे हे ठरविण्यापूर्वी आरोग्य सेविकेचे मत विचारावे. अधिकाऱ्यांनी तिच्याकडून अहवाल मागविताना त्या अहवालाने तिचे किती तास रुग्णांपासून हिरावले जातात याचा हिशेब ठेवावा आणि तिने स्वतःहून घेतलेल्या योग्य निर्णयाच्या पाठीशी उभे राहावे. शिक्षकांनी परिचर्येची ओळख विद्यार्थ्यांना केवळ दयाळूपणाचे काम म्हणून न देता शास्त्र शिकून करावयाचे काम म्हणून द्यावी, आणि ती मुलींइतकीच मुलांनाही द्यावी.

सेवा आणि व्यवसाय यांत मुळात विरोध नाही. सेवाभाव हा परिचर्येचा प्राण आहे, तर ज्ञान आणि अधिकार हे तिचे हात आहेत. हात बांधून ठेवून केवळ सेवाभावाची स्तुती करीत राहिल्यास त्याची झळ परिचारिकेइतकीच रुग्णालाही लागते. मध्यरात्री उपकेंद्राच्या दाराशी जेव्हा बैलगाडी किंवा जीप येऊन थांबते, तेव्हा आत असलेल्या व्यक्तीला निर्णय घेता येतो की नाही, यावरच दोन जीवांचे भवितव्य ठरत असते.