कंत्राटदाराला जामीन कोण? बयाणा, बँक गॅरंटी आणि नवा शुअरिटी बॉण्ड

आपल्या समाजात गवंडी, सुतार, फरशीवाले, रंगारी, प्लंबर आणि वायरमन यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यातले काही जण दहा-पंधरा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम केल्यावर स्वतःच्या नावावर कंत्राटदार म्हणून नोंदणी करून घेतात. सार्वजनिक बांधकाम खाते, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका यांच्या यादीत नाव लागले की निविदा भरता येते. हाताला कसब असते, माणसे असतात, पण पहिल्याच निविदेला एक प्रश्न आडवा येतो. तुम्ही काम सोडून पळून गेलात तर आमच्या नुकसानीला जामीन कोण, हा तो प्रश्न. या एका प्रश्नाभोवती बयाणा, सुरक्षा अनामत, बँक गॅरंटी आणि अलीकडचा शुअरिटी बॉण्ड हे सारे उभे आहे. ते नीट न समजल्यामुळे अनेकांचे भांडवल अडकते, काहींचे घर जाते, आणि काही जण तर फसवणुकीच्या गुन्ह्यात सापडतात. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम शब्द पाहू. 'जामीन' आणि 'अनामत' हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले. जामीन म्हणजे दुसऱ्याच्या देण्याची जबाबदारी आपल्या डोक्यावर घेणारा, आणि अनामत म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. शेकडो वर्षे मराठी दफ्तरात हे शब्द चालत आले आहेत. व्यवहारही तितकाच जुना आहे.

कायद्यात जामीनकीची व्याख्या भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ मध्ये दिली आहे. या व्यवहारात तीन पक्ष असतात. मूळ देणेकरी म्हणजे कंत्राटदार. ज्याला देणे आहे तो धनको, म्हणजे काम देणारे खाते किंवा मालक. तिसरा जामीनदार. कलम १२८ सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते, करारात वेगळे ठरले असेल तरच निराळे. आमचे बहुतेक लोक येथेच चुकतात. "आधी त्याच्याकडून वसूल करतील, नाहीच मिळाले तर माझ्याकडे येतील" अशा समजुतीने मेहुण्याच्या किंवा दोस्ताच्या कागदावर सही केली जाते. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की धनकोने आधी मूळ देणेकऱ्याच्या मागे लागावे अशी सक्ती जामीनदार करू शकत नाही. खाते किंवा बँक सरळ जामीनदाराच्या दारात येऊ शकते.

जामीनदाराला कायद्याने काही संरक्षणही दिले आहे. धनको आणि देणेकरी यांनी जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या, तर कलम १३३ प्रमाणे त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मोकळा होतो. पैसे भरावे लागले तर कलम १४० प्रमाणे धनकोचे सारे हक्क त्याच्याकडे येतात, आणि कलम १४५ प्रमाणे भरलेली रक्कम तो देणेकऱ्याकडून मागू शकतो. हे कागदावर छान दिसते. परंतु बँकेचा छापील नमुना बारकाईने वाचला तर यातले बरेचसे हक्क जामीनदाराने आधीच सोडून दिल्याचे तिथे लिहिलेले असते. आमचे सांगणे एवढेच की सही करण्यापूर्वी कागद घरी आणावा, जाणकाराकडून वाचून घ्यावा, आणि रकमेची कमाल मर्यादा व मुदत त्यात आकड्यांत लिहिली आहे की नाही ते पाहावे. 'चालू हमी' असे लिहिले असेल तर ती पुढच्या व्यवहारांपुरती लेखी सूचना देऊन थांबवता येते, मात्र आधीच्या व्यवहारांची जबाबदारी टळत नाही.

आता कंत्राटदाराकडे वळू. निविदेबरोबर जी रक्कम भरतात ती बयाणा रक्कम. काम मिळाल्यावर कार्यादेशापूर्वी भरायची ती सुरक्षा अनामत. काही भाग सुरुवातीला घेतात, काही चालू बिलांतून कापून घेतात. दर फार खाली भरला असेल तर जादा अनामत मागितली जाते, कारण परवडत नाही म्हणून असे काम अर्ध्यावर सुटण्याची भीती खात्याला असते. काम पुरे झाल्यावरही अनामत लगेच परत मिळत नाही. दोष दायित्वाचा काळ संपेपर्यंत ती खात्याकडे राहते.

हिशेब मांडून पाहू. समजा, ४० लाखांचे काम आहे आणि ५ टक्के सुरक्षा अनामत आहे. म्हणजे २ लाख रुपये अडकले. काम एका वर्षाचे आणि दोष दायित्व दोन वर्षांचे, तर हे २ लाख तीन वर्षे हलत नाहीत. दरवर्षी असे एक काम घेतले तर तिसऱ्या वर्षी ६ लाख अडकलेले असतात. लहान कंत्राटदाराचे सारे खेळते भांडवलच १०-१२ लाख असते. सिमेंट उधारीवर, मजुरी रोखीने आणि बिल खात्याच्या सवडीने, अशा धंद्यात ही ६ लाखांची तूट माणसाला सावकाराच्या दारात नेते.

अनामत रोख न भरता बँक गॅरंटी दिली तर भांडवल मोकळे राहील असे वाटते. प्रत्यक्षात नव्या कंत्राटदाराला बँक सहसा मोठी मार्जिन मागते, आणि पत नसेल तर पूर्ण रकमेची मुदत ठेव अडकवून ठेवते. वर कमिशन वेगळे. मग रोख अनामत आणि गॅरंटी यांत त्याच्यासाठी फारसा फरक उरत नाही. शिवाय सरकारी नमुन्यातील गॅरंटी 'मागताक्षणी देय' असते. खात्याने लेखी मागणी केली की बँक कंत्राटदाराला न विचारता पैसे देते. तुमचा खात्याशी वाद आहे, काम खात्याच्या नकाशामुळे अडले, या गोष्टी बँक ऐकत नाही. न्यायालयेही अशा मागणीला सहसा मनाई हुकूम देत नाहीत. उघड फसवणूक किंवा पुढे कधीच भरून निघणार नाही असे नुकसान दाखवावे लागते. यू. पी. को-ऑपरेटिव्ह फेडरेशन विरुद्ध सिंग कन्सल्टंट्स या खटल्यापासून हे तत्त्व पक्के झाले आहे.

मुदतीचीही एक गोम आहे. २०१३ मध्ये करार अधिनियमाच्या कलम २८ मध्ये बदल होऊन बँक गॅरंटीवरील हक्क किमान एक वर्षाच्या मुदतीनंतर संपेल अशी अट घालण्याची मुभा बँकांना मिळाली. त्यावरून अनेक बँका गॅरंटी संपल्यावर आणखी १२ महिने दाव्यासाठी धरू लागल्या, आणि तेवढा काळ मार्जिनही अडकू लागले. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लार्सन अँड टुब्रो विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सांगितले की कायद्याने अशी सक्ती केलेली नाही. म्हणून गॅरंटी काढतानाच दाव्याची मुदत किती आणि ठेव कधी सुटेल हे बँकेकडून लेखी घ्यावे.

२०२२ पासून तिसरा मार्ग उघडला आहे. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी खरेदी आणि कामांसाठी बँक गॅरंटीऐवजी विमा कंपनीचा शुअरिटी बॉण्ड चालेल असे जाहीर झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सामान्य वित्तीय नियमांत तसा बदल झाला, आणि विमा नियामक प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. बयाण्याचा, कामगिरीचा, आगाऊ रकमेचा आणि राखून ठेवलेल्या रकमेचा असे वेगवेगळे बॉण्ड त्यात आहेत. पहिला बॉण्ड डिसेंबर २०२२ मध्ये बजाज अलियान्झ कंपनीने बाजारात आणला. सुरुवातीला बॉण्डची रक्कम कराराच्या ३० टक्क्यांपर्यंतच असावी असे बंधन होते, ते २०२३ मध्ये उठले.

'विमा' या शब्दाने मात्र कोणी फसू नये. दुकानाच्या आगीचा विमा उतरवला आणि दुकान जळले तर कंपनी तुम्हाला पैसे देते व प्रकरण संपते. बॉण्डमध्ये कंपनी पैसे देते ते खात्याला, आणि नंतर तीच रक्कम तुमच्याकडून वसूल करते. त्यासाठी भरपाईचा करार आधीच तुमच्याकडून, आणि पुष्कळदा भागीदारांकडून व घरच्यांकडूनही, लिहून घेतलेला असतो. हप्ता तुम्ही भरता आणि संरक्षण खात्याला मिळते. तुमचा फायदा इतकाच की मोठी ठेव अडकत नाही.

हा फायदाही लहान माणसापर्यंत अजून नीट पोहोचलेला नाही, असे आमचे मत आहे. कंपन्या तपासलेले ताळेबंद, आयकर विवरणे, जीएसटीचा भरणा, पुऱ्या केलेल्या कामांचे दाखले आणि पतनोंद मागतात. महामार्गाचे काम घेणाऱ्याकडे हे सारे तयार असते. शाळेची संरक्षक भिंत बांधणाऱ्याकडे डायरी आणि बिलांची पिशवी असते. ज्यांना पुढे वाढायचे आहे त्यांनी आजपासून प्रत्येक कामाचा पूर्णत्वाचा दाखला मागून घ्यावा आणि व्यवहार बँकेतून करावेत. तीन वर्षांचे असे कागद कोणत्याही ओळखीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

ज्या देशात ही पद्धत मुरलेली आहे तिथे काय चालते तेही पाहावे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बांधकामाचा परवाना हवा असेल तर कंत्राटदाराला बॉण्ड द्यावाच लागतो. त्याची रक्कम २०१६ पासून १५ हजार डॉलर होती, ती १ जानेवारी २०२३ पासून २५ हजार डॉलर झाली. नियम मोडून केलेल्या कामामुळे नुकसान झालेला घरमालक किंवा मजुरी न मिळालेला कामगार या बॉण्डवर दावा करू शकतो. तेथील केंद्र सरकारच्या कामांसाठी १९३५ चा मिलर कायदा आहे. त्यानुसार मोठ्या कामांना दोन बॉण्ड लागतात. एक काम पुरे करण्याचा. दुसरा पोटकंत्राटदार, मजूर आणि माल पुरवणारे यांचे पैसे चुकते करण्याचा.

हा दुसरा बॉण्ड आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. आपल्याकडे खात्याच्या नुकसानीसाठी अनामत आहे, गॅरंटी आहे, बॉण्डही आला. पण प्लॅस्टर करणाऱ्याची आणि फरशी बसवणाऱ्याची मजुरी मोठ्या कंत्राटदाराने बुडवली तर तिच्यासाठी असा वेगळा बॉण्ड निविदेत सहसा मागितला जात नाही. उलट मोठा कंत्राटदार पोटकंत्राटदाराच्या बिलातूनही ५ टक्के 'डिपॉझिट' कापून ठेवतो, आणि ते तोंडी असते. जाणकारांनी आणि संघटनांनी सरकारकडे मागायची गोष्ट हीच आहे. तोवर कारागिराने निदान एका कागदावर दर, मोजमापाची पद्धत, कापायची टक्केवारी आणि ती परत देण्याची तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

शरीअतच्या बाजूने वाचकांचा प्रश्न असतो, त्याचाही थोडक्यात विचार करू. फिक्हच्या ग्रंथांत जामीनकीला कफाला म्हणतात. सूरह यूसुफमध्ये राजाचा प्याला शोधून देणाऱ्याला उंटभर धान्य देण्याची हमी घेतल्याचा उल्लेख आहे, आणि जामीनकीच्या वैधतेसाठी उलमा त्याचा दाखला देतात. धनको मूळ देणेकरी किंवा कफील यांपैकी कोणाकडेही मागू शकतो, हे बहुतेक फकीहांचे मत वर सांगितलेल्या कलम १२८ शी जुळते. अडचण येते ती मोबदल्याची. कफाला हे मुळात उपकाराचे काम मानले आहे, म्हणून केवळ जामीन राहण्याबद्दल फी घेणे बहुसंख्य फकीहांनी नाकारले आहे. इस्लामी परिषद संघटनेच्या फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये जिद्दा येथे बँकेच्या हमीपत्राबाबत ठराव केला. हमीबद्दल फी नको, मात्र हमीपत्र काढण्याचा प्रत्यक्ष प्रशासकीय खर्च घेता येईल, असे त्यात म्हटले आहे. पूर्ण रकमेची ठेव असेल तर बँक आणि ग्राहक यांचे नाते वकालतीचे होते, असेही त्यात आहे. विमा कंपनीच्या बॉण्डमध्ये विम्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. त्याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या विश्वासातील मुफ्तींना कागद दाखवून घ्यावा. निविदेत रोख किंवा डिमांड ड्राफ्टने अनामत भरण्याची सोय असेल, तर ज्याच्याजवळ रक्कम आहे त्याला तो मार्ग सरळ पडतो.

शेवटी एका धोक्याची माहिती देतो. 'ठेव नको, कागदपत्र नको, दोन दिवसांत गॅरंटी काढून देतो' असे सांगणारे दलाल मोठ्या शहरांत फिरतात. बनावट बँक गॅरंटीची प्रकरणे वारंवार उघडकीस आली आहेत. कागद खोटा निघाला की दलाल सापडत नाही आणि गुन्हा कंत्राटदारावर नोंदवला जातो. नाव काळ्या यादीत जाते ते वेगळेच. गॅरंटी स्वतः शाखेत जाऊन काढावी. ज्या बँकेत इलेक्ट्रॉनिक गॅरंटी मिळते तिथे तीच घ्यावी, कारण २०२२ पासून ती कागदाविना नॅशनल ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस लिमिटेडच्या व्यवस्थेतून निघते आणि खात्याला थेट पडताळता येते. जुन्या कामांच्या अनामती कुणाकुणाच्या सुटायच्या राहिल्या आहेत, तेही दफ्तर काढून पाहावे. दोष दायित्वाचा काळ संपल्याच्या तारखेनंतर पूर्णत्वाचा दाखला आणि भरणा पावतीची प्रत जोडून कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घ्यावी.