विषाणू आणि गुरांचा लंपी त्वचा रोग

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्यात संकरित गाईंचे दूध हे अनेक शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन आहे. २०२२ साली लंपी त्वचा रोगाची साथ राज्यभर पसरली, तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. हा रोग विषाणूजन्य आहे. विषाणूचे स्वरूप समजले म्हणजे रोगावरील प्रत्येक उपायाचे कारण ध्यानात येते.

विषाणूचे स्वरूप : जिवाणू अन्न घेऊन स्वतः वाढतो. विषाणूच्या अंगी ही शक्ती नाही. आनुवंशिक द्रव्य व त्याभोवतीचे वेष्टन एवढाच त्याचा देह असतो. लंपीचा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातील असून विषाणूंमध्ये मोठा गणला जातो. तरीही असे सुमारे ३,००० विषाणू एका रांगेत मांडावे तेव्हा एक मिलिमीटर लांबी भरेल. जिवंत पेशीत शिरल्यावर तो पेशीकडूनच आपल्या प्रती करवून घेतो. पेशी नाश पावते व नवे विषाणू शेजारच्या पेशींत शिरतात. ताप, अंगावरील गाठी, पायांची सूज व दुधातील घट ही त्याचीच लक्षणे होत.

औषध व लस : पेनिसिलिनसारखी औषधे जिवाणूंना मारतात, विषाणूस नव्हे. फुटलेल्या गाठींत जिवाणूंची बाधा होऊ नये म्हणून पशुवैद्यक ती देतात. खरे संरक्षण लसीचेच. शेळ्यांच्या देवीचा विषाणू लंपीच्या विषाणूचा निकटचा आप्त असल्याने त्या रोगाची लस गाईसही उपयोगी पडते. मात्र प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्या मुदतीत जनावर आजारी पडल्यास लस निरुपयोगी ठरली, असा समज करून घेऊ नये.

प्रतिबंधक उपाय :

१) साथीची वाट न पाहता निरोगी जनावरांना दरवर्षी लस टोचून घ्यावी.

२) डास, चावणाऱ्या माश्या व गोचिडी रोग पसरवितात, म्हणून गोठा कोरडा ठेवावा व त्यांचा नाश करावा.

३) आजारी जनावर ताबडतोब वेगळे बांधावे, त्याची ने-आण व विक्री करू नये. बाजारातून आणलेले जनावर २८ दिवस वेगळे ठेवावे.

४) वाळलेल्या खपल्यांत विषाणू महिन्याहून अधिक काळ टिकतो. गोठा झाडून २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुवावा.

५) मृत जनावर उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

हा रोग माणसास होत नाही. दूध उकळून घ्यावे. गाठ दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे हे पशुपालकाचे, तसेच गावातील कार्यकर्त्याचे कर्तव्य होय. एका गोठ्यात लपविलेला रोग साऱ्या गावास नडतो.