सायलेन्सरमधून पांढरा धूर? हेड खोलण्याआधी हे तपासा

अलिबाग-मुरूडच्या दमट हवेत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून थोडी वाफ येतेच. इंजिन गरम झाल्यावर ती थांबली, तर गिऱ्हाइकाला बिल नको, धीर द्या.

धूर थांबतच नाही? मग क्रमाने बघा.

१. वास गोडसर असेल तर कूलंट जळतंय. डिझेल गाडीत कच्च्या डिझेलचा वास आला, तर आधी इंजेक्टर आणि ग्लो प्लग बघा.
२. थंड इंजिनात कूलंट तपासा. बाहेर गळती नसताना कमी होतंय का?
३. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय का? नुसता झाकणाखालचा फेस दमटपणामुळेही असतो.
४. शंका असेल तर ब्लॉक टेस्ट करा. द्रवाचा रंग बदलला तर सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये शिरतोय.

हेड गॅस्केट गेलं असेल तर हेड वाकलंय का, चीर गेलीय का, हे मशीन शॉपमध्ये तपासून घ्याच. बोल्ट कंपनीच्या टॉर्कनेच आवळा.

शनिवार-रविवारच्या भाड्यासाठी गिऱ्हाईक घाई करेल. गाडी सोडू नका. कार्लेखिंडीच्या चढाला इंजिन तापलं, तर गॅस्केटचं काम अख्ख्या इंजिनावर जाईल, आणि नाव तुमचं खराब होईल.